तीन टोकांचे इंजिन आणि एक पातळ पट्टी

गोवंडी-मानखुर्दच्या रस्त्यावरून एखादी जुनी गाडी निळसर धूर सोडत गेली, तर गॅरेजवाल्याला बॉनेट उघडावे लागत नाही. रिंगा गेल्या, असे तो लांबूनच सांगतो. पिस्टनभोवतीच्या या लोखंडी रिंगा झिजल्या की खालचे ऑइल वर चढते आणि पेट्रोलबरोबर जळू लागते. धूर निळा होतो, ताकद उतरते. देवनारचे डम्पिंग ग्राउंड, चेंबूरचे कारखाने आणि पनवेलकडे धावणारे ट्रक यांनी जड झालेल्या हवेत ही आणखी भर. मालकापुढे मग दोन रस्ते उरतात. एकतर इंजिन उघडून रिंगा-बोअर करून घ्यायचे, नाहीतर भंगारातून दुसरे इंजिन आणून बसवायचे. गोवंडीहून हार्बर लाइनने तीन स्टेशने गेले की कुर्ला. तिथल्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी तयार होत असे. त्या पद्मिनी टॅक्सी होऊन मुंबईभर फिरल्या आणि त्यांतल्या कितीतरी गाड्यांचे बॉनेट तेच राहिले, आतला कारभार मात्र पेट्रोल, डिझेल, सीएनजी असा बदलत गेला.

रिंगा जाणे हा इंजिनाचा म्हातारपणाचा आजार आहे. पण गेल्या शतकात एक इंजिन असे आले, ज्याला हा आजार ऐन तरुणपणी जडला. त्यात पिस्टन नव्हते, रिंगाही नव्हत्या. रिंगेचे काम करणारी एक पातळ पट्टी होती. त्या पट्टीपायी एका जर्मन कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि हजारो गाडीवाल्यांना नव्या गाडीतले इंजिन काढून दुसरे बसवावे लागले. ज्या माणसाच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते, त्याने उमेदीची वर्षे नेमक्या याच प्रश्नावर घालवली होती: फिरत्या यंत्रातला वायू निसटू कसा द्यायचा नाही?

फेलिक्स वांकेल याचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ रोजी जर्मनीतल्या लार गावी, काळ्या जंगलाच्या कडेला झाला. वडील वनखात्यात होते. पहिले महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी, १९१४ मध्ये, ते मारले गेले. पुढे आई मुलाला घेऊन हायडेलबर्गला आली. महागाईने जर्मन मध्यमवर्गाचे कंबरडे मोडले होते. फेलिक्सचे शिक्षण १९२१ मध्ये शालान्त परीक्षेआधीच थांबले. विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. तो हायडेलबर्गच्या एका प्रकाशनसंस्थेत नोकरीला लागला. तिथे वैज्ञानिक पुस्तके छापली जात. नोकरी पुस्तकांची, पण डोक्यात यंत्रे, अशी स्थिती होती. सतराव्या वर्षी त्याला स्वप्न पडले की तो स्वतः बनवलेल्या गाडीतून चालला आहे आणि त्या गाडीचे इंजिन अर्धे टर्बाइन, अर्धे नेहमीचे आहे. ही कथा नंतर फार सांगितली गेली. शोधांच्या बाबतीत अशी स्वप्ने बहुधा उशिराच आठवतात, तेव्हा तिला किती किंमत द्यायची ते वाचकाने ठरवावे. १९२४ मध्ये त्याने एका मागच्या अंगणात छोटे वर्कशॉप थाटले, हे मात्र स्वप्न नव्हते. दोन वर्षांनी प्रकाशनसंस्थेतली नोकरी गेली आणि वर्कशॉप हेच त्याचे सारे आयुष्य झाले.

दृष्टी त्याची लहानपणापासून फार अधू. गाडी चालवण्याचा परवाना त्याने आयुष्यभर काढला नाही. ज्याच्या इंजिनावर लोकांनी शर्यती जिंकल्या, तो मागच्या सीटवर बसूनच फिरला.

वांकेलच्या चरित्रातला एक भाग मोटारप्रेमी सहसा भरभर उलटून जातात. हिटलरच्या पक्षात तो १९२२ मध्ये, म्हणजे विशीत, शिरला. संधीसाधू म्हणून नव्हे, तर मनापासून. सत्ता अजून अकरा वर्षे दूर होती. हिटलरच्या युवक संघटनेचे बाडेन प्रांतातले काम १९३१ मध्ये त्याच्याकडे आले. प्रांताचा पक्षप्रमुख रॉबर्ट वाग्नर याच्याशी त्याचे बिनसले. मुलांना जास्त लष्करी शिक्षण द्यावे, असे वांकेलचे म्हणणे. वाग्नरला पक्षाचे राजकारण अधिक महत्त्वाचे वाटत होते. वांकेलने त्याच्यावर भ्रष्टाचाराचे जाहीर आरोप केले. नाझी १९३३ मध्ये सत्तेवर येताच वाग्नरने त्याला लारच्या तुरुंगात टाकले. हिटलरच्या जवळचा उद्योगपती विल्हेल्म केपलर मध्ये पडला, तेव्हा काही महिन्यांनी त्याची सुटका झाली. हा तुरुंगवास पुढे कधीकधी नाझींविरुद्धच्या बंडाचा पुरावा म्हणून दाखवला गेला. तो घरातल्या भांडणाचा पुरावा आहे, त्याहून अधिक कशाचा नाही. कारण पुढे हवाई मंत्रालयाने त्याला कामे दिली, बोडेन सरोवराच्या काठी लिंडाऊ इथे १९३६ मध्ये प्रयोगशाळा उभारून दिली आणि १९४० मध्ये एसएसमध्ये वरचे पदही मिळाले. १९४२ मध्ये ते काढून घेण्यात आले.

लिंडाऊच्या प्रयोगशाळेत तो काय करत होता, हे इंजिनाच्या गोष्टीसाठी महत्त्वाचे आहे. साध्या इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खालीवर होतात. त्याऐवजी फिरत्या चकतीचे व्हॉल्व्ह बसवले तर विमानाचे इंजिन अधिक वेगाने फिरू शकते. अडचण एकच. फिरती चकती आणि स्थिर धातू यांच्या फटीतून पेटलेला वायू निसटतो. वांकेलने ही फट बुजवण्याचे शास्त्र बनवले. वायूचा दाबच पट्टीला मागून ढकलून भिंतीवर दाबेल, अशी रचना हवी. पट्ट्या जिथे एकमेकींना भेटतात ते कोपरेही बंद हवेत. सगळ्या पट्ट्यांचे मिळून एक अखंड जाळे हवे. आज कोणत्याही रोटरी इंजिनाचा रोटर हातात घेतला तर हेच जाळे दिसते. त्याची खरी विद्वत्ता इथे होती. इंजिनाचा आकार नंतर आला.

युद्ध संपले. फ्रेंच सैन्याने प्रयोगशाळा मोडून नेली आणि वांकेलला पकडले. १९४६ मध्ये तो सुटला. काही वर्षे संशोधनाला बंदी होती. १९५१ च्या सुमारास त्याने लिंडाऊला पुन्हा टेबल मांडले. त्याला पैसा पुरवणाऱ्यांत गोएत्झे ही कंपनी होती. तिचा धंदा पिस्टन रिंगा बनवण्याचा. रिंगांशिवाय चालणाऱ्या इंजिनाचा पाया रिंगवाल्यांच्या पैशातून घातला गेला, हा योग गमतीचा आहे. त्याच वर्षी नेकार्सुल्म गावच्या एनएसयू या मोटारसायकल कंपनीशी करार झाला. त्याच्या फिरत्या कॉम्प्रेसरची हवा मिळालेल्या एनएसयूच्या ५० सीसी यानाने १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावर ताशी १९० किलोमीटरचा वेग ओलांडला. आपल्याकडे लुनाला एवढेच इंजिन असे, म्हणजे कल्पना यावी.

एप्रिल १९५४ मध्ये इंजिनाची भूमिती वांकेलच्या मनात पक्की झाली. फुगीर बाजूंचा समोसा डोळ्यांपुढे आणावा. तो रोटर. त्याच्याभोवती कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोलाची पोकळी. रोटर या पोकळीत असा फिरतो की त्याची तिन्ही टोके भिंतीला सतत टेकलेली राहतात. रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात आणि ते फिरता फिरता मोठे-लहान होत राहतात. एका जागी कप्पा मोठा होऊन हवा-पेट्रोल ओढतो, पुढे लहान होऊन ते दाबतो, मग ठिणगी पडते, फुगणारा वायू रोटरला ढकलतो आणि शेवटी धूर बाहेर जातो. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधला शाफ्ट तीन फेरे घेतो. पिस्टनची वर-खाली उडी नाही, व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे थरथर जवळपास नाही. तेवढीच ताकद देणाऱ्या पिस्टन इंजिनापेक्षा आकार आणि वजन पुष्कळ कमी.

वांकेलने काढलेले मूळ इंजिन मात्र आणखी निराळे होते. त्यात आतला रोटर आणि बाहेरचे घर, दोन्ही फिरत. १ फेब्रुवारी १९५७ रोजी ते पहिल्यांदा चालले. संतुलन उत्तम, वेग अफाट. पण स्पार्क प्लग बदलायचा तर सारे इंजिन उघडावे लागे. एनएसयूचा अभियंता हान्स डिटर पाश्के याने वांकेलला न सांगता बाहेरचे घर स्थिर केले आणि फक्त रोटर फिरता ठेवला. इंजिन सोपे झाले, कारखान्यात बनवण्याजोगे झाले. वांकेल भयंकर चिडला. आपल्या शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपले, अशी त्याची भावना होती. आज जगभर ज्याला वांकेल इंजिन म्हणतात ते या पाश्केच्या रचनेचे आहे. म्हणजे वांकेलच्या इंजिनाची पहिली अदलाबदल गाडीत बसण्यापूर्वीच झाली होती.

ही अदलाबदल व्यवहार्य होती, पण एक अवघड जागा त्यात होतीच. साध्या पिस्टनची रिंग गोल असते, सरळ नळीत वर-खाली सरकते आणि खालून उडणाऱ्या ऑइलने सतत न्हाते. रोटरच्या टोकावरच्या पट्टीचे नशीब वेगळे. ती भिंतीला केवळ एका रेषेत टेकते. फिरताना तिचा भिंतीशी कोन क्षणोक्षणी बदलतो. खालून ऑइल उडत नाही, म्हणून थोडे ऑइल मुद्दाम पेट्रोलबरोबर आत सोडावे लागते आणि ते जळते. आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. पिस्टन इंजिनात ज्या नळीत स्फोट होतो, त्याच नळीत पुढच्या क्षणी थंड हवा येते. रोटरीत तसे नाही. एका बाजूला कायम थंड हवा, दुसऱ्या बाजूला कायम आग. घर असमान तापते, असमान फुगते, आणि पट्टीने या बदलत्या भिंतीशी दर फेऱ्याला जुळवून घ्यायचे.

प्रयोगशाळेत पट्टीने दगा दिला तो असा: ठरावीक वेगाला ती थरथरू लागे आणि भिंतीच्या गुळगुळीत क्रोमवर कपडे घासायच्या फळीसारख्या लाटा उमटत. जपानमधल्या हिरोशिमात माझदाच्या अभियंत्यांनी या खुणांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले. माझदाने १९६१ मध्ये एनएसयूकडून परवाना घेतला होता. केनिची यामामोतो या अभियंत्याच्या हाताखाली सत्तेचाळीस माणसांची तुकडी फक्त या कामाला लावली गेली. पट्टीला आतून पोकळ करून तिच्या थरथरण्याचा वेग बदलता येतो, हे त्यांना आधी सापडले. मग कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून पट्टी बनवली. मे १९६७ मध्ये माझदाची कॉस्मो ही दोन रोटरांची गाडी विक्रीला आली. ती फार थोड्या संख्येने बनली, जवळजवळ हाताने. माझदा या नावाशी मुंबईकरांची ओळख स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे आहे. त्यात अर्थातच साधे डिझेल इंजिन असे.

एनएसयूला एवढा धीर नव्हता. त्याच वर्षी तिने रो ८० बाजारात आणली. दिसायला ती आजच्या गाड्यांच्या रांगेतही परकी वाटणार नाही अशी होती. मोठ्या काचा, वाऱ्याला चिरणारा उतार, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दोन रोटर, ९९५ सीसी, सुमारे ११५ अश्वशक्ती. १९६८ मध्ये तिला युरोपातली वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवण्यात आले. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. काही गाड्यांची इंजिने २५ हजार किलोमीटरच्या आतच गेली, पुष्कळांनी ५० हजारांचा टप्पा पाहिला नाही. टोकाची पट्टी तीन तुकड्यांची होती आणि तिन्ही तुकडे एकाच धातूचे. मधला तुकडा आणि कडेचे तुकडे सारख्या गतीने झिजत नसत, फट पडे, दाब निसटे, निळा धूर निघे. त्यात गाडीवाल्यांची सवय भर घाली. साधे इंजिन जास्त पळवले की आरडाओरडा करते, मालकाला कळते. हे इंजिन जितके पळवावे तितके शांत. लोक नकळत मर्यादा ओलांडत. पुढे कंपनीला धोक्याचा भोंगा बसवावा लागला. शहरात डॉक्टर, वकील अशी मंडळी रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन इंजिन थंड असतानाच बंद करीत. रोटरीला ते सर्वांत वाईट, कारण न जळलेले पेट्रोल भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते आणि पट्टी कोरडी पडते.

एनएसयूने तक्रारदारांशी वाद घातला नाही. वॉरंटीत नवे इंजिन, पुन्हा गेले तर पुन्हा नवे. रस्त्यात दोन रो ८० समोरासमोर आल्या की चालक बोटे वर करून आपले कितवे इंजिन ते एकमेकांना दाखवत, असा विनोद जर्मनीत पसरला. कंपनी प्रामाणिक होती, पण लहान होती. या खर्चाने ती वाकली. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या ताब्यातल्या ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. त्या संयुक्त कंपनीचे नाव पुढे ऑडी एवढेच उरले. रो ८० दहा वर्षे बनत राहिली, एकूण ३७,३९८ गाड्या.

वॉरंटी संपलेल्या मालकांचे काय झाले, ही इंजिनबदलीची खरी कहाणी. ब्रिटनमध्ये अनेकांनी रोटरी काढून तिथे फोर्डचे व्ही-४ इंजिन बसवले. चार सिलिंडर दोन-दोन करून तिरपे मांडलेले असल्यामुळे हे इंजिन लांबीला आखूड होते आणि रोटरीसाठी ठेवलेल्या चिमुकल्या जागेत मावत असे. गाडी भरवशाची झाली. पण फोर्डचे ते इंजिन खडबडीत, थरथरणारे. जी गाडी शांततेसाठी घेतली होती, तिच्या स्टिअरिंगमधून आता टेम्पोची आठवण येई. तरीही त्या मालकांना दोष देता येत नाही. नवे रोटरी इंजिन जुन्या गाडीच्या किमतीला भिडत होते, आणि ज्याला रोज कामावर जायचे आहे त्याला अभिजातपणा परवडत नाही. मुंबईत पद्मिनीला डिझेल इंजिन लावणाऱ्या टॅक्सीवाल्याचा हिशेब याहून वेगळा नव्हता. आपल्याकडे अशा बदलासाठी मोटार वाहन कायद्यानुसार आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. ते सोडून दिले तर विम्यावेळी गाडीपेक्षा कागद महाग पडतो.

एनएसयूने दोष शोधून काढला होता, यातच या गोष्टीचे दुःख आहे. पट्टीचा मधला तुकडा फेरोटिक नावाच्या कठीण मिश्रधातूचा केला आणि झीज आटोक्यात आली. १९७० नंतरच्या गाड्या बऱ्याच टिकाऊ निघाल्या. नाव मात्र गेले ते गेले. दोन-तीन वर्षांची चाचणी विक्रीआधी झाली असती तर काय झाले असते, हे सांगणे अवघड. पण चाचणी ग्राहकांच्या पैशाने झाली, हे खरे.

वांकेलला स्वतःला याची झळ लागली नाही. सत्तरीच्या सुरुवातीला परवान्यांची रीघ लागली होती. अमेरिकेची कर्टिस-राइट आधीच होती, मग डेमलर-बेंझ, रोल्स-रॉइस, सित्रोएन, सुझुकी आणि १९७० मध्ये जनरल मोटर्स. जनरल मोटर्सने पाच कोटी डॉलर देऊन परवाना घेतला. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसाला १९६९ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. जर्मन सरकारने पुढच्याच वर्षी सन्मानचिन्ह दिले. एसएसमधल्या वर्षांबद्दल फारसे कोणी विचारले नाही. १९७१ मध्ये त्याने आपले हक्क लोनरो या ब्रिटिश कंपनीला दहा कोटी मार्कांना विकले. वेळ त्याने अचूक साधली होती.

दोनच वर्षांनी तेलसंकट आले. रोटरीची जाळण्याची पोकळी लांबट आणि चपटी असते. ज्योत कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत पट्टी पुढे निघून जाते आणि थोडे पेट्रोल न जळताच धुराड्यात जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या शहरी चाचणीत माझदाची गाडी गॅलनला जेमतेम ११ मैल गेली. आरोग्याच्या दृष्टीने मामला दुहेरी होता. पोकळीतले तापमान तुलनेने कमी असल्यामुळे फुप्फुसांना त्रास देणारी नायट्रोजनची ऑक्साइडे रोटरीतून कमी निघत. न जळलेले हायड्रोकार्बन मात्र जास्त निघत. माझदाने धुराच्या वाटेवर एक तप्त भांडे बसवले. त्यात ताजी हवा सोडून उरलेले हायड्रोकार्बन जाळले जात. या युक्तीने अमेरिकेचे तेव्हाचे कडक नियम पाळता आले, पण ते भांडे तापवायला पुन्हा पेट्रोलच जात होते. धूर स्वच्छ करायचा तर टाकी रिकामी होते, या पेचातून त्या काळात सुटका नव्हती.

मग एकेकाने माघार घेतली आणि इंजिनबदलीचे दुसरे पर्व सुरू झाले. या वेळी बदली कारखान्यांनीच केली. एएमसी या अमेरिकी कंपनीने पेसर नावाची बुटकी, रुंद गाडी जनरल मोटर्सकडून येणाऱ्या रोटरीसाठीच आखली होती. १९७४ मध्ये जनरल मोटर्सने रोटरीचा बेत गुंडाळला आणि एएमसीला सहा सिलिंडरचे लांबलचक जुने इंजिन त्या चिमुकल्या जागेत कोंबावे लागले. मर्सिडीजची केशरी सी-१११ रोटरीसाठी जन्मली होती. तिच्यात डिझेल इंजिन बसवून १९७६ मध्ये वेगाचे विक्रम केले गेले. सित्रोएनने सगळ्यात टोकाचा उपाय केला. तिने दोन रोटरांच्या जीएस गाड्या ८४७ बनवल्या आणि सुटे भाग पुरवत बसण्यापेक्षा बरे म्हणून ग्राहकांकडून जमतील तितक्या परत घेऊन मोडीत काढल्या. थोड्या मालकांनी गाडी द्यायला नकार दिला, म्हणून ती आज पाहायला तरी मिळते.

माझदा थांबली नाही. हट्ट म्हणा किंवा अभिमान. १९७८ मध्ये आरएक्स-७ आली आणि लाखोंनी खपली. तिच्या शेवटच्या पिढीला दोन टर्बो होते, उष्णता प्रचंड होती, आणि रेडिएटरची एक नळी फुटली तरी घर वाकून सील जात. आजही जगभर या गाड्यांचे मालक दोन गटांत विभागलेले आहेत. एक गट रोटरी काढून अमेरिकी ॲल्युमिनियमचे व्ही-८ बसवतो. वजन थोडे वाढते, भरवसा आणि ताकद पुष्कळ वाढते, पेट्रोलही अनेकदा कमी लागते. दुसरा गट रोटरीच पुन्हा बांधून घेतो. दुसऱ्या गटाला शिस्त लागते. दर वेळी पेट्रोल भरताना ऑइल बघायचे, इंजिन तापल्याशिवाय बंद करायचे नाही, तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवायचा आणि जुनी गाडी घेताना रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब खास यंत्राने मोजून घ्यायचा. एका बाजूचा दाब कमी असेल तर विकणारा काहीही सांगो, इंजिन उघडावे लागणारच. रोटरी बेभरवशाची आहे, हे सरसकट विधान मात्र न्याय्य नाही. तिची काळजी निराळी असते आणि ती घेणारे मेकॅनिक थोडे.

म्हातारपणी वांकेलने पैसा दोन गोष्टींत घातला. एक म्हणजे पाण्याच्या वर उचलून वेगाने धावणाऱ्या बोटी. लिंडाऊच्या सरोवरावर त्यांचे प्रयोग चालत. दुसरी गोष्ट प्राण्यांची. औषधे आणि रसायने तपासताना प्राण्यांवर होणारे प्रयोग त्याला असह्य वाटत. अशा प्रयोगांना पर्याय शोधणाऱ्या संशोधनासाठी त्याच्या नावाचा पुरस्कार १९७२ पासून दिला जातो. म्युनिकच्या विद्यापीठातली पशुवैद्यक शाखा त्याचे काम पाहते. पेशी वाढवून किंवा संगणकावर औषध तपासण्याच्या ज्या पद्धती आज प्रयोगशाळांत रुळत आहेत, त्या दिशेने चाललेल्या कामाला असा पैसा तेव्हा फार कमी ठिकाणाहून मिळत होता. तरुणपणी मुलांच्या हाती बंदूक हवी म्हणून पक्षाशी भांडणारा आणि सशा-उंदरांच्या वेदनेने कळवळणारा, हे दोघे एकच होते. एकाने दुसऱ्याचा हिशेब चुकता होत नाही.

वांकेल ९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्गमध्ये कर्करोगाने वारला. मूलबाळ नव्हते. तीन वर्षांनी, जून १९९१ मध्ये, फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत माझदाची चार रोटरांची, केशरी-हिरवी, ५५ क्रमांकाची गाडी पहिली आली. ज्या इंजिनाची थट्टा बोटांवर मोजून झाली, ते सलग चोवीस तास पळून जिंकले. पट्ट्या तोवर सिरॅमिकच्या झाल्या होत्या.

नंतर २०१२ मध्ये आरएक्स-८ बंद झाली आणि रोटरीवर चाके फिरवणारी गाडी बाजारातून गेली. २०२३ मध्ये माझदाने एका विजेच्या गाडीत एकच रोटर बसवला. तो चाकांना जोडलेला नसतो. ठरावीक वेगाने फिरून बॅटरीपुरती वीज बनवतो, आणि इंजिनाचा वेग सतत बदलण्याचा जुना त्रास त्यामुळे पुष्कळ कमी होतो.

भारतात अशी मोटार अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. इंजिन मात्र भारतात बनले, आणि त्यात महाराष्ट्राचा हात आहे. आपल्या सैन्यासाठी निशांत हे वैमानिकरहित टेहळणी विमान तयार झाले तेव्हा त्यात परदेशी रोटरी इंजिन होते. अशा विमानाला हे इंजिन फार सोयीचे, कारण वजन थोडे आणि थरथर नाही, म्हणून कॅमेऱ्याचे चित्र हलत नाही. ते काढून तिथे देशी इंजिन बसवायचे ठरले. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने इंजिनाचा गाभा घडवला. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन व विकास संस्थेने ठिणगीची आणि इंधनाची यंत्रणा तयार केली. सुमारे ३० किलोचे, ५५ अश्वशक्तीचे हे इंजिन २००९ मध्ये कर्नाटकात कोलारजवळ निशांतला घेऊन हवेत गेले.

त्या इंजिनाच्या घराच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप होता. टोकाच्या पट्टीने ॲल्युमिनियमची भिंत खाऊ नये म्हणून असा लेप प्रथम जर्मनीतल्या माहले कंपनीने १९६७ मध्ये रोटरीसाठीच बनवला होता. पुढे तो साध्या पिस्टन इंजिनांत गेला, शर्यतीच्या गाड्यांत गेला, मोटारसायकलींत गेला. चाकणच्या बजाज कारखान्यात बनणाऱ्या केटीएम ड्यूक ३९० च्या सिलिंडरला आतून तोच लेप असतो, आणि त्यावरून सरकतात त्या साध्या, गोल पिस्टन रिंगा.